कृश प्रमेही आणि त्याच्या जोडीदाराचे सांगणे

प्रमेहाचे रुग्ण आपणा सर्वांच्या चिकित्सालयांत नित्य येतात. या परिचयामुळेच, रक्तशर्करेचा आकडा कागदावर आला की आपली प्रश्नपरीक्षा बहुधा तेथेच थांबते. प्रस्तुत लेखात आम्हांला रुग्णाइतकेच त्याच्या सोबत येणाऱ्या पत्नीविषयी वा पतीविषयी लिहावयाचे आहे. नव्याने निदान झालेल्या मधुमेहात चिकित्सकाला हवी असलेली पुष्कळशी माहिती जोडीदारापाशी असते आणि नेमकी तीच ऐकून घेतली जात नाही.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या 6 व्या अध्यायात स्थूल-बलवान आणि कृश-दुर्बल असे दोन प्रमेही वेगळे काढले. पहिल्यास संशोधन सांगितले, दुसऱ्यास बृंहण. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या 11 व्या अध्यायात सहज आणि अपथ्यनिमित्तज असा भेद केला. वाग्भटाचार्यांनी मधुमेहाचे धातुक्षयजन्य आणि आवरणजन्य असे दोन मार्ग दाखविले. औषधयोजनेपूर्वी हा भेद ठरावा असा तिघांचाही कटाक्ष आहे, कारण एकाची चिकित्सा दुसऱ्यास घातक ठरते. आजच्या टाइप 1 व टाइप 2 या संज्ञांशी ही नावे एकास एक जुळविण्याचा मोह मात्र टाळावा. सुश्रुतोक्त सहज प्रमेही अल्पाहारी आहे. टाइप 1 चा रुग्ण आरंभी पुष्कळदा भूक वाढल्याचे सांगतो. शिवाय आपल्या देशात कृश देहाचे टाइप 2 चे रुग्णही थोडे नाहीत. म्हणून रुग्ण कृश आहे एवढ्यावर न थांबता तो कृश होत चालला आहे काय, आणि किती वेगाने, हे विचारावे. याचे उत्तर घरच्या माणसाजवळ असते.

एक उदाहरण देतो. 34 वर्षांचे एक गृहस्थ सपत्नीक आमच्याकडे आले. दुसऱ्या एका दवाखान्यात उपाशीपोटीची रक्तशर्करा 268 मि.ग्रॅ. आढळली होती. गोड बंद करा, ही गोळी घ्या, तीन महिन्यांनी दाखवा, एवढ्यावर त्यांची बोळवण झाली होती. पाच आठवड्यांत यांचे वजन नऊ किलोंनी उतरले आहे, असे पत्नीने तेथे दोनदा सांगून पाहिले. त्यावर, "वजन उतरले ते बरेच झाले," असे उत्तर मिळाले. स्थूल रुग्णाला शोभणारे हे वाक्य, समोर कोण बसले आहे ते न पाहता उच्चारले गेले. गृहस्थ स्वतः म्हणत होते, "मला काही होत नाही, हीच उगाच घाबरते." बाई साखरेवर एखादा काढा मागण्यासाठी आल्या होत्या. रात्री पाच वेळा उठणे, उशाजवळचा तांब्या न पुरणे, विजार कमरेवर न थांबणे, दोन दिवसांपासून मळमळ, हे सारे त्यांनीच सांगितले. मूत्रात कीटोन स्पष्ट आढळले. काढा न देता आम्ही त्यांना त्याच दिवशी पत्रासह रुग्णालयात पाठविले. पुढील तपासण्यांत सी-पेप्टाइड कमी आणि गॅड प्रतिपिंडे उपस्थित असल्याचे दिसले. इन्सुलिन सुरू झाले आणि वजन हळूहळू परतले.

टाइप 1 हा केवळ बालकांचा व्याधी नव्हे. तो तिशी-चाळिशीत, क्वचित त्याहूनही पुढे प्रकट होतो आणि वयामुळे टाइप 2 समजला जातो. एचबीएवनसी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी असल्याने, वेगाने सुरू झालेल्या मधुमेहात ती परिस्थितीच्या मानाने सौम्य दिसू शकते; त्या आकड्यावर विसंबू नये. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह आणि सोबत वजन घटत असेल तर अग्न्याशयाच्या विकाराचा, जुना खोकला असेल तर राजयक्ष्म्याचा विचार करावा. कोणा अनोळखी माणसाकडून सांधेदुखीवर पुड्या घेतल्या आहेत का, हेही विचारावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्यास शर्करा वाढते, आणि आपल्या शास्त्राची अपकीर्ती होते ती वेगळीच.

आता जोडीदारास काय शिकवावे? "हे फार थकतात" असे म्हटले तर कोणताही डॉक्टर मान डोलावून पुढील रुग्णास बोलावील. त्याऐवजी एका कागदावर तारखेसह वजने, रात्री लघवीस उठण्याची संख्या, दिवसभरात प्यायलेले पाणी, शर्करेचे आकडे आणि त्यांच्या वेळा लिहून न्याव्यात. नम्रपणे पण स्पष्ट दोन प्रश्न विचारावेत: मूत्रातील कीटोन तपासले का, आणि हा टाइप 1 नाही हे कशावरून ठरविले? रुग्णाने "काही नाही हो" म्हटले तरी कागद पुढे करावा. वैद्याने स्वतःचे पत्र जोडल्यास त्या कागदाचे वजन वाढते. त्या पत्रात दोषदूष्यांची चर्चा नको. वय, घटलेले वजन, शर्करा, कीटोन आणि आपली शंका, एवढे पाच ओळींत मावते.

वांती, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासास पिकलेल्या फळासारखा गंध, गुंगी यांपैकी काही असेल तर पत्र लिहीत बसू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. अशा रुग्णास लंघन, वमन, विरेचन देऊ नये आणि इन्सुलिन बंद करण्याचा सल्ला तर कदापि देऊ नये. जानेवारी 1922 मध्ये टोरांटो येथे 14 वर्षांच्या मुलास पहिल्यांदा इन्सुलिन दिले गेले. त्यापूर्वी असे रुग्ण अल्पावधीत दगावत. बृंहण आहार, निद्रा, बलवर्धन ही आपली चिकित्सा इन्सुलिनसोबत चालते, त्याच्या जागी नव्हे.

कीटोनच्या पट्ट्या प्रत्येक चिकित्सालयात असाव्यात. त्या महाग नाहीत. डबी उघडल्याची तारीख तीवर लिहून ठेवावी, कारण ओल लागलेली पट्टी चुकीचे उत्तर देते. पट्टी निरंक आली तरी लक्षणे बोलकी असतील, तर रुग्णास पाठवावेच.