खांदा धरलाय, गोळ्या किती दिवस घ्यायच्या?

प्रश्न : रायपूरच्या गोल बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. वरच्या फळीवरून पितळी हंडा उतरवताना उजव्या खांद्यात कळ आली. पंधरवडा झाला, हात वर जात नाही. रोज कॉम्बिफ्लॅम घेतो, फारच ठणकलं तर डायक्लोफिनॅकही. वय 58, रक्तदाबाची गोळी चालू आहे. चालेल का?

उत्तर : नाही, दोन्ही आजच थांबवा. कॉम्बिफ्लॅममध्ये 400 मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन असतं. ते आणि डायक्लोफिनॅक एकाच जातीची औषधं. जोडीनं घेतल्यास आराम फारसा वाढत नाही, जठरात व्रण होण्याचा धोका मात्र वाढतो. शिवाय रक्तदाब चढतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. शौचाला काळं झालं तर थेट रुग्णालय गाठा. यकृताचा त्रास किंवा दारूची सवय नसेल, तर तूर्त 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, सहा-सहा तासांनी.

हात अजून वर जात नाही, म्हणजे खांद्याचा स्नायुबंध फाटला असू शकतो. मेकाहारा रुग्णालयात किंवा एम्समध्ये अस्थिरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा. रक्तदाब, साखर आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. हात गळ्यात बांधून ठेवू नका, खांदा आखडेल. कमरेत वाकून हात सैल सोडा, हलके झोके द्या. वरच्या फळीला मात्र तूर्त हात लावू नका.