आरोग्याची माहिती : ढीग नको, मांडणी हवी

मित्रांनो, 'आजचे युग हे माहितीचे युग आहे' असे आपण निबंधात नेहमी लिहितो. पण माहिती असणे आणि ती वेळेवर सापडणे यात किती फरक आहे, हे मला मिरजोळ्याच्या आमच्या कॉलेजात नव्हे, तर घरी मावशीने शिकवले. ती आरोग्य केंद्रात नर्स आहे. म्हणाली, "तू कॉम्प्युटरवाला ना रे? मग विंचूदंशाची माहिती नीट लावून दे. मला दोनशे पानं नकोत. रात्री दोन वाजता पेशंट आला तर बघता येईल असं एक पान दे."

मी जोशात शोधायला बसलो. घरगुती उपाय, जाहिराती आणि खरे संशोधन, सगळे एकाच ढिगात! कोकणात हे परवडणारे नाही. लाल विंचवाच्या विषाने शरीरात अॅड्रिनलिनसारखी द्रव्ये एकदम सुटतात, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येतो, फुफ्फुसांत पाणी भरू शकते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन हे औषध वापरले आणि 1986 साली 'लॅन्सेट'मध्ये ते अनुभव मांडले. पुढे 2011 साली महाडचीच चाचणी 'बीएमजे'त आली. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या 35 पैकी 32 रुग्णांची लक्षणे 10 तासांत पूर्ण गेली. नुसते प्राझोसिन दिलेल्या 35 पैकी 8 जणांची. म्हणजे 1986 चा लेख खरा असूनही तिथेच थांबणाऱ्याला अर्धेच उत्तर मिळते.

मग मांडणी करायची कशी? मला चार गोष्टी उमजल्या.

1) नावे जुळवा : आपल्याकडे कुणी विंचू म्हणतो, कुणी इंगळी. शास्त्रीय नावही बदलत गेले. बुथस टॅम्युलस, मग मेसोब्युथस, आता हॉटेनटोटा. एकाच नावाने शोधले तर बाकीचे लेख हातचे जातात. म्हणूनच अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने 1960 साली 'मेश' ही ठरावीक शब्दांची सूची केली. पबमेडचा शोध आजही तिच्यावर टेकलेला आहे. आपल्या डेटाबेसच्या भाषेत, सगळ्या टोपणनावांना एकच 'की'.

2) गाळणी लावा : कोणी लिहिले, कधी लिहिले, पुरावा काय, पैसा कुणाचा? चारही उत्तरे नसतील तर पान बाहेर.

3) थर पाडा : वर सिस्टरने काय पाहायचे ते (भरपूर घाम, उलटी, थंडगार हातपाय) आणि डॉक्टरांना कधी बोलवायचे. त्याखाली डॉक्टरांसाठी उपचार. सर्वांत खाली मूळ संशोधन.

4) तारीख आणि जबाबदार माणूस : आरोग्याच्या संकेतस्थळांना विश्वासाचा शिक्का देणारी जिनिव्हाची 'हेल्थ ऑन द नेट' ही संस्था 1995 साली सुरू झाली आणि 2022 च्या अखेरीस बंद पडली. शिक्का देणारेच राहिले नाहीत, तर जुन्या शिक्क्याला काय अर्थ? तेव्हा प्रत्येक पानावर 'शेवटची तपासणी' आणि तपासणाऱ्याचे नाव हवेच.

माझी चूकही सांगतो. पहिल्या पानात मी औषधाचा डोस स्वतःच एका लेखातून उचलून टाकला होता. मावशीने पान परत केले. "हे आधी डॉक्टरांकडून तपासून आण. इथे टायपिंगची चूक म्हणजे पेशंटचा जीव." गप्प बसलो. प्रोग्रॅम चुकला तर आपण पुन्हा रन करतो. तिला ती सोय नाही.

डॉक्टरांनी दुरुस्त केलेले पान आता तिच्या टेबलाच्या काचेखाली आहे. वर तारीख ठळक. पुढच्या वर्षी ते पुन्हा तपासायचे, हे ठरले आहे.

मित्रांनो, प्रोजेक्टसाठी आपण विषय शोधत असतो. सर्पदंश, लेप्टो, विंचू हे विषय आपल्या दाराशीच आहेत. औषध कोणते हे डॉक्टर ठरवतील. पण ते उत्तर योग्य माणसाला वेळेत सापडेल अशी मांडणी करणे, हे काम मात्र आपलेच आहे. बघा, जमतंय का!