सीट पक्की कधी समजायची

पोरी, एमएसचे अर्ज गेले. आता मार्च सरेपर्यंत तुझा जीव फोनमध्येच अडकलेला राहणार. तुझ्या आत्याची उभी हयात कॉलेजच्या प्रवेश विभागात गेली, म्हणून चार गोष्टी आत्ताच तुझ्या कानावर घालते. मेल आल्यावर तू काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नसशील.

अभिनंदनाची मेल आली म्हणजे प्रवेश झाला, असं धरून चालू नकोस. अमेरिकेतली मोठमोठी विद्यापीठंसुद्धा इथे चुकलेली आहेत. २००९ च्या वसंतात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो कॅम्पसनं निवड झालेल्या मुलांसाठी लिहिलेली स्वागताची मेल सगळ्याच अर्जदारांना पाठवली. ज्यांना आधीच नकार कळवला होता अशा सुमारे २८,००० मुलांना ती गेली आणि मागोमाग माफीची मेल गेली.

हे घडतं कसं, तेही समजून घे. ऑफिसात सगळ्या अर्जदारांची एकच लांबलचक यादी असते. एका ओळीत एक मूल: अर्ज क्रमांक, नाव, ईमेल आणि कुठल्यातरी रकान्यात निर्णय. मेल सोडण्याआधी त्या रकान्यावर फिल्टर लावून निवड झालेल्यांच्याच ओळी ठेवायच्या असतात. फिल्टर राहिला किंवा चुकीची यादी उचलली गेली, की एका बटणासरशी सगळ्यांना 'काँग्रॅच्युलेशन्स'. निवड समितीनं तुझा अर्ज वाचून जे ठरवलं, त्याचा ह्या बटणाशी काही संबंध नसतो. उद्या तुझ्यावर अशी वेळ आली, तर हे पक्कं लक्षात ठेव.

म्हणून मेल आली की तिच्यातल्या लिंकवर न जाता स्वतः पत्ता टाकून पोर्टलवर लॉगिन कर. खऱ्या प्रवेशपत्रात तुझं नाव, नेमका कोर्स, कुठलं सत्र, होकार कधीपर्यंत कळवायचा, हे सगळं असतं. नुसतं 'आमच्या परिवारात स्वागत' असेल तर थांब. जॉन्स हॉपकिन्सनं डिसेंबर २०१४ मध्ये २९४ जणांना असंच स्वागत पाठवलं. त्यांना नकार किंवा 'निर्णय पुढे ढकलला' असा निकाल आधीच कळवलेला होता. मोघम आनंदाच्या मेल ह्या बहुतेक प्रसिद्धी विभागातून निघतात, हा माझा अनुभव आहे.

पण पोर्टलवरही डोळे झाकून विसंबू नकोस. जानेवारी २०१२ मध्ये व्हॅसर कॉलेजच्या पोर्टलवर चाचणीसाठी ठेवलेलं पत्र तसंच राहिलं होतं. १२२ मुलांनी ते पाहिलं आणि त्यातल्या ७६ जणांना प्रत्यक्षात प्रवेश नव्हता. हे सगळे 'अर्ली डिसिजन'चे अर्जदार, म्हणजे निवड झाली की बाकीचे अर्ज मागे घ्यायला बांधलेले. तेव्हा स्टेटसचा स्क्रीनशॉट काढ, पत्राची पीडीएफ उतरवून घे आणि विभागाला दोन ओळींची मेल टाक: पत्र मिळालं, प्रवेश झाल्याचं कृपया कळवावं. फोन करायचा तर पिट्सबर्ग-न्यूयॉर्ककडची ऑफिसं हिवाळ्यात आपल्या संध्याकाळी साडेसातला उघडतात, मार्चात त्यांची घड्याळं पुढे सरकली की साडेसहाला. विचारलं म्हणून कुणी प्रवेश काढून घेत नाही.

कार्नेगी मेलनचं उदाहरण मुद्दाम सांगते, कारण तुझाही अर्ज कॉम्प्युटर सायन्सचाच आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांनी ह्याच विषयाच्या एमएसच्या सुमारे ८०० अर्जदारांना निवडीची मेल पाठवली. बाराशेहून जास्त अर्जांतून नऊ टक्क्यांपेक्षा कमी मुलं घेतली आणि त्यांत तुम्ही आहात, असं तीत लिहिलं होतं. साधारण सात तासांनी दुसरी मेल आली, पहिली चुकून गेली म्हणून. सात तास म्हणजे आई-बाबांना, आजीला, मित्रांना, ऑफिसात सांगून होण्याइतका वेळ. ज्यांनी सांगितलं, त्यांचं मला काहीच चुकलेलं वाटत नाही. घरच्यांना तूही लगेच सांग, पेढेही आण. फक्त स्टेटस आणि नातेवाइकांचा ग्रुप दोन दिवस थांबू देत.

पण नोकरीचा राजीनामा त्या आठवड्यात मुळीच टाकायचा नाही. बॉसला तोंडीसुद्धा काही बोलायचं नाही. दुसऱ्या विद्यापीठाची ऑफर हातात असेल तर तिला नकार कळवायची घाई नको. मदतनिधीसह ऑफर असेल तर अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी आपसात मान्य केलंय की उत्तरासाठी १५ एप्रिलपर्यंत मुदत द्यायची. तो वेळ पुरता वापर. परत न मिळणारं डिपॉझिट लेखी खात्री आल्यावरच भर, आणि आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा कागद, हातात पडेपर्यंत कुठलाही मागचा दरवाजा बंद करू नकोस. आपल्याकडच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्येसुद्धा, सीट अलॉट झाली म्हणून कुणी गप्प बसत नाही. फी भरून, कॉलेजात जाऊन रिपोर्टिंग करावंच लागतं.

आणि मेल चुकीची निघालीच, तर रडून घे, मग एक सभ्य पत्र लिही. नकार लेखी द्या, अर्जाची फी परत मिळेल का, प्रतीक्षा यादीत नाव आहे का, हे तीन प्रश्न विचार. मागितल्यानं मिळेलच असं नाही. २०२२ च्या सुरुवातीला मिशिगन राज्यातल्या दोन विद्यापीठांनी शिष्यवृत्तीबाबत अशीच चूक केली. ओकलंड विद्यापीठानं सुमारे ५,५०० मुलांना वर्षाला १२,००० डॉलरची शिष्यवृत्ती कळवली आणि नंतर ती चूक होती म्हणून सांगितलं. सेंट्रल मिशिगननं ५८ जणांना असाच चुकीचा संदेश पाठवला, पण त्यांना पूर्ण शिकवणी फीइतकी मदत द्यायचं ठरवलं. मला दुसरं विद्यापीठ जास्त मोठं वाटतं. पाच हजारांना ते जमत नाही हे मान्य, पण निदान एका माणसानं आपल्या नावानिशी फोन करून माफी मागावी, एवढं कुठल्याही ऑफिसला जमतं.

हे पत्र दादाला आणि वहिनीलाही वाचायला दे. दादा, तुला वेगळं सांगते: नकार आला, किंवा आधी होकार येऊन मग नकार आला, तर पाहुण्यांसमोर तिला 'मग पुढे काय ठरलं?' असं विचारायचं नाही. कुणी विचारलंच, तर उत्तर तू द्यायचंस.