‘बाई’पासून ‘बाईं’पर्यंत : शिष्यवृत्ती या शब्दाचा अभ्यास

आजचा पाठ एका साध्या शब्दापासून सुरू करू या. बाई.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही मराठी शाळेत ‘बाई आल्या’ म्हटलं की मुलं गप्प बसतात. बाई म्हणजे शिक्षिका. मी बालाघाटची. गोंदियाहून गाडीने तासाभरात आमचं गाव येतं, घरी मराठी बोलतो, पण शाळा हिंदी. आमच्या शाळेत शिकवणाऱ्या त्या ‘मॅडम’ किंवा ‘दीदी’, आणि ‘बाई’ म्हणजे जी वर्ग झाडते, लहान मुलांना बाथरूमला नेते, डबे उघडून देते ती. एकच शब्द, राज्याची सीमा ओलांडली की फळ्यासमोरून थेट दाराबाहेर जाऊन उभा राहतो.

माझी आई त्या दुसऱ्या अर्थाची बाई आहे. चौदा वर्षं ती एका खासगी प्राथमिक शाळेत आया म्हणून काम करते. केजीच्या मॅडम रजेवर असल्या की वर्ग तीच सांभाळते. अक्षरं गिरवून घेते, गाणी म्हणवते, रडणाऱ्याला मांडीवर घेऊन पाढे म्हणते. तिने स्वाध्यायी म्हणून, म्हणजे घरी अभ्यास करून, बी.ए. केलं. तरी हजेरीपटाच्या खाली तिचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये असतं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघींनी ठरवलं की तिने डी.एल.एड. करायचं. या लेखातला अभ्यास तिथून सुरू झाला.

दोन दरवाजे

आधी नियम समजून घेऊ. पहिली ते आठवी शिकवायला किती पात्रता लागते हे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे एन.सी.टी.ई., ठरवते. प्राथमिक वर्गांसाठी साधारणपणे बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका लागते. ११ ऑगस्ट २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही. त्यामुळे लहान मुलांना शिकवायचं असेल तर साधारणपणे डी.एल.एड.ची वाट धरावी लागते.

ह्या वाटेला दोन दरवाजे आहेत.

पहिला नियमित कॉलेजचा. वर्गात ८० टक्के हजेरी, आणि शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाच्या काळात, ज्याला इंटर्नशिप म्हणतात, ९० टक्के. म्हणजे दोन वर्षं सकाळी दहा ते चार दुसरीकडे नोकरी करणं शक्य नाही.

दुसरा दूरशिक्षणाचा. तिथे नोकरी सांभाळून शिकता येतं. पण हा दरवाजा मुख्यतः ‘सेवेत असलेल्या शिक्षकां’साठी आहे. आया, भृत्य, प्रयोगशाळेतला मदतनीस, माध्यान्ह भोजन शिजवणारी रसोइया, हे सगळे शाळेच्या सेवेत असतात, पण शिक्षक नसतात. म्हणून ज्यांना नोकरी सोडता येत नाही त्यांच्यासाठी असलेली सोय नेमकी त्यांनाच मिळत नाही.

आम्ही विचारलेल्या एका कॉलेजात दोन वर्षांची फी सत्तर हजारांच्या घरात होती. ओळखीच्या एका ट्रस्टने निम्मी फी द्यायची तयारी दाखवली. आम्ही खूश झालो. मग आईने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तिचा पगार साडेसात हजार. चोवीस महिने गुणिले साडेसात हजार म्हणजे एक लाख ऐंशी हजार. शाळेने बिनपगारी रजासुद्धा नाकारली. आई म्हणाली, “मी शिकाले गेली त तुया होस्टेलचे पैसे कोन देईन?”

मी गप्प बसले. कारण तिच्या साडेसात हजारांतूनच माझं नागपूरचं वसतिगृह चालतं.

शब्द काय सांगतो

साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला पुढे एवढंच सुचलं की शब्दकोश उघडावा. शिष्यवृत्ती म्हणजे शिष्य अधिक वृत्ती. आपण आज ‘वृत्ती’ म्हणजे स्वभाव समजतो, पण त्याचा एक जुना अर्थ उपजीविका असा आहे. गावच्या जोशाची वृत्ती, कुलकर्ण्याची वृत्ती असे उल्लेख जुन्या कागदपत्रांत भेटतात, तिथे तो पोटापाण्याचा हक्क असतो. म्हणजे शिष्यवृत्ती याचा मूळ अर्थ फी नव्हे. शिष्य शिकत असताना त्याची चूल पेटती ठेवणं, हा आहे. फी सोडून देण्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहेच : फीमाफी.

शेजारचे शब्दही पाहा. ‘वेतन’ हा हक्क. ‘विद्यावेतन’ म्हणजे शिकण्याच्या काळासाठी दिलेलं वेतन. आणि ‘मानधन’ ह्यात मान आहे, धन आहे, पण नोकरी नाही. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना मानधन मिळतं, वेतन नाही. कुणाला कुठला शब्द मिळाला यावरून त्याची व्यवस्थेतली जागा कळते.

हा अर्थ धरला तर आईच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. ट्रस्टने दिली ती अर्धी फीमाफी होती. तिला हवी आहे ती शिष्यवृत्ती, शब्दाच्या खऱ्या अर्थाने.

हे पूर्वी झालं आहे का?

झालं आहे, आणि आपल्याच भागात.

मध्य प्रदेशात १ जानेवारी १९९७ला शिक्षा गारंटी योजना सुरू झाली. ज्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा नाही, तिथल्या लोकांनी चाळीस मुलांची, आदिवासी भागात पंचवीस मुलांची, यादी देऊन मागणी केली की ९० दिवसांत सरकारने शिक्षक द्यायचा. हा शिक्षक त्याच परिसरातला असे आणि त्याला ‘गुरुजी’ म्हणत. पदवी-पदविका नसलेला गावचा तरुण किंवा तरुणी आधी वर्गात उभी राहिली, प्रशिक्षण नंतर मिळालं. पुढे पात्रता परीक्षा देऊन अनेक गुरुजी संविदा शिक्षक झाले. शब्द मोठा होता, मानधन मात्र लहान.

महाराष्ट्रातही असंच घडलं. २०००-०१च्या सुमारास दुर्गम वाड्यापाड्यांवर वस्तीशाळा निघाल्या. तिथे शिकवणाऱ्यांना शिक्षक न म्हणता ‘स्वयंसेवक’ आणि नंतर ‘निमशिक्षक’ म्हणत. निम म्हणजे अर्धा! या अर्ध्या शिक्षकांना सरकारने पत्राद्वारे डी.एड. करण्याची सोय दिली. वर्ग चालू, मानधन चालू, अभ्यासही चालू. आणि १ मार्च २०१४पासून ते प्राथमिक शिक्षक म्हणून सेवेत घेतले गेले. ‘निम’ गळून पडायला तेरा-चौदा वर्षं लागली. पण ही माणसं टिकली, कारण शिकताना त्यांची चूल विझली नाही.

तिसरं उदाहरण देशभरातलं. शिक्षण हक्क कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन सेवेतल्या अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९पर्यंत पात्र होण्याची मुदत मिळाली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने त्यांच्यासाठी १८ महिन्यांचं डी.एल.एड. चालवलं आणि बारा लाखांहून जास्त शिक्षकांनी नाव नोंदवलं. पण त्या १८ महिन्यांच्या पदविकेच्या मान्यतेवरून पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले गेले. यातून एक धडा घ्यायला हवा : वाट सोपी करताना अभ्यासक्रम छोटा करू नये. छोट्या कागदाचा त्रास शेवटी ज्याच्या हातात तो कागद असतो त्यालाच होतो.

मदतनिसासाठी शिडी

वरची तिन्ही उदाहरणं आधीच शिकवणाऱ्यांची आहेत. मदतनिसांचं काय?

इथे अंगणवाडीकडे बघावं. ‘सक्षम अंगणवाडी’च्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेविकांची निम्मी पदं पाच वर्षं अनुभव असलेल्या मदतनिसांच्या बढतीतून भरायची आहेत. म्हणजे झाडणं, शिजवणं, मुलांना घरून आणणं हा अनुभव म्हणून मोजला जातो. शाळेतल्या आयांचा चौदा वर्षांचा अनुभव मात्र कुठेच मोजला जात नाही.

अंगणवाडीची मुळं मराठी मातीतलीच आहेत हे आपल्या मंडळातल्या अनेकांना ठाऊक असेल. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे काम कोसबाडला गेलं. त्यांच्या सोबतीण अनुताई वाघ तेराव्या वर्षी विधवा झाल्या होत्या. त्यांनी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, नोकरी करत रात्रशाळेतून मॅट्रिक केलं आणि पदवी घेतली तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. ती अजून त्रेचाळीसचीच आहे.

बाहेरच्या जगातलं एक उदाहरण. न्यूयॉर्कच्या शाळांत वर्गमदतनीस म्हणून काम करणाऱ्या, बहुतेक कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन, बायकांनी वेल्मा हिल यांच्या नेतृत्वाखाली १९७० साली शिक्षक संघटनेमार्फत करार मिळवला. पगारवाढीबरोबर त्यात कॉलेजशिक्षणाची सोय आणि अभ्यासासाठी सवलतीचा वेळही होता. त्यातून हजारो मदतनीस पुढे शिक्षक झाल्या. तिथे पैशाइतकाच वेळ महत्त्वाचा ठरला.

मग शिष्यवृत्ती कशी असावी?

या सगळ्यावरून मला चार गोष्टी दिसतात.

एक, तिने फीबरोबर बुडालेला पगारही द्यावा, थेट महिन्याला.

दोन, शाळेने नोकरी राखून ठेवावी आणि त्या काळात बदली माणूस नेमावा. नाहीतर शिकायला गेलेल्या बाईचं काम उरलेल्या बाईच्या डोक्यावर पडतं.

तीन, अभ्यासक्रम पूर्ण दोन वर्षांचाच असावा. सूट वेळेत आणि पैशात द्यावी, दर्जात नको. ‘आयाला शिक्षक केलं तर मुलांचं काय?’ असं कुणी विचारलं तर पात्र शिक्षिका उभी करणं हेच त्याचं उत्तर आहे.

चार, पदविकेनंतर जागेची हमी हवी. शिकून परत झाडूच हातात येणार असेल तर कुणी का शिकावं?

आपल्या मिशनरी संस्थांच्या शाळांना हे अवघड नाही असं मला वाटतं. शाळा आपल्या, काही ठिकाणी अध्यापक विद्यालयंही आपलीच. दर रविवारी आपण सेवेबद्दल ऐकतो. सेवा करणारीला वर चढायला शिडी देणं हाही सेवेचाच भाग आहे.

माझं बी.ए. एप्रिलमध्ये संपेल. मग वसतिगृहाचे पैसे लागणार नाहीत आणि दोन-चार शिकवण्या मी घेईन. आईच्या वहीतला हिशेब आम्ही तेव्हा पुन्हा मांडणार आहोत. अर्धी फी, माझ्या शिकवण्या, थोडी बचत. तरीही आकडे पूर्ण जुळत नाहीत. पण तिने अभ्यासाचं पुस्तक आणलंय आणि रात्री जेवणं झाली की ती ते वाचते.

चर्चेसाठी

१. तुमच्या शाळेत मुलांना सांभाळणाऱ्या पण ‘शिक्षक’ न म्हटल्या जाणाऱ्या व्यक्तीला तुम्ही काय म्हणत होता? तिचं नाव आठवतं का?

२. मानधन, वेतन, विद्यावेतन, शिष्यवृत्ती : तुमच्या घरात येणाऱ्या पैशाला यातला कुठला शब्द लागतो, आणि का?

३. आपल्या कॉलेजातल्या शिपाई काकांना आणि मावशींना विचारा, त्यांना काय शिकायचं होतं. उत्तरं पुढच्या बैठकीला घेऊन या.