मासोळी मेली कशाने?

आमचे गाव पैनगंगेच्या काठी आहे. माझे आबाजी भोई आहेत. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्यासोबत जाळे टाकायला जातो, म्हणून मला मासे ओळखता येतात.

रोहूचे खवले मोठे असतात. कतल्याचे डोके मोठे आणि तोंड वर वळलेले असते. वाम लांब असते पण ती साप नाही. मरळीचे डोके सापासारखे दिसते. ती हवेतही श्वास घेते, त्यामुळे टोपल्यात बराच वेळ जिवंत राहते. शिंगट्याला मिशा असतात, खवले नसतात. त्याचा काटा मला एकदा लागला तर रात्रभर हात ठणकत होता.

ताज्या मासोळीचा कल्ला लाल असतो. डोळे चकचकीत असतात. बोटाने दाबले तर खड्डा राहत नाही. पण एवढे पाहून भागत नाही.

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी आमच्या नाल्यात खूप मासे उलटे तरंगत होते. आम्ही सगळे पोट्टे धावलो. माझ्या लहान भावाने टोपले भरून आणले. कल्ले लाल होते, वासही नव्हता. आई मसाला वाटायला बसली. तेवढ्यात आबाजी आले. ते म्हणाले, "मासोळी चांगली दिसते म्हून का झालं? मेली कायनं ते पाह्य!" मग ते आम्हाला नाल्यावर घेऊन गेले. तिथे खेकडे आणि बेडूकही मेले होते. वरच्या अंगाला कोणीतरी फवारणीचा पंप धुतला होता. औषधाचा डबा पाण्यातच पडला होता. आबाजींनी सगळी मासोळी खड्ड्यात पुरली. मांजरीलाही दिली नाही. भाऊ खूप रडला.

गुरुजींनी सांगितले की कपाशीवरचे औषध म्हणजे विष. ते कल्ल्यांतून माशाच्या अंगात जाते. शिजवले तरी विष जाईलच असे नाही. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली. म्हणून तरंगणारा मेलेला मासा उचलू नये. कोणी खाल्लाच आणि ओकारी, चक्कर आली तर लगेच सरकारी दवाखान्यात न्यावे. औषधाचा डबा सापडला तर त्यावरचे नाव डॉक्टरांना सांगावे. आणि पालकांनो, पंप नाल्यात धुऊ नका.

चार दिवसांनी आबाजींनी नदीच्या वरच्या डोहात जाळे टाकले. एक मोठी मरळ मिळाली. घरी आणली तरी टोपल्यात उड्या मारत होती. भावाने दोन वाट्या रस्सा खाल्ला.

(इयत्ता चौथी)