ढोलकीची चाट आणि डावा कान

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीचा आठवडी बाजार गुरुवारी भरतो, आणि त्या दिवशी माझ्याकडे कानाचे पेशंट दोन-चार जास्तच असतात. बाजाराला आलेला माणूस एका फेरीत दोन कामं उरकतो. कुणी किल्लीने कान कोरून रक्त काढलेलं असतं, कुणी लसूण घालून तापवलेलं तेल कानात ओतून आलेलं असतं. गेल्या पावसाळ्यात अशाच एका गुरुवारी संध्याकाळी एक कॉलेजचा पोरगा आला. कानात मळ नाही, बुरशी नाही, पडदा शाबूत. तरी म्हणाला, "सर, रात्री सगळं शांत झालं ना, की डाव्या कानात बारीक शिट्टी वाजू राहिली. बंदच होत नाही."

वैजापूरकडचा मुलगा. नागसेनवनात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, छावणीत तिघांत मिळून एक खोली. निघता निघता त्याने खरी गोष्ट सांगितली. तो एका गायन पार्टीत ढोलकी वाजवतो आणि महिनाभरापासून ढोलकीची चाट, म्हणजे पुडीच्या काठावरचा टणक बोल, त्याला पहिल्यासारखी लागत नव्हती. दबल्यासारखी यायची. पुडीवरची शाई गेली असेल म्हणून त्याने ढोलकी दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्या म्हाताऱ्याने दोन थापा मारून पाहिल्या आणि म्हणाला, ढोलकी ठणठणीत आहे, कान दाखव. एवढं अचूक निदान करून पाठवलेला पेशंट आम्हा डॉक्टरांकडेसुद्धा फार येत नाही.

मी त्याला खुर्चीवर परत बसवलं आणि त्याचा दिवस विचारला. पहाटे धावायला जातो तेव्हा कानात इयरफोन. कॉलेजला चालत जाता-येताना इयरफोन. अभ्यासिकेत तीन तास इयरफोन, कारण शेजारचा पोरगा पुटपुटत वाचतो. रात्री खोलीतले दोघं फोनवर बोलत असतात म्हणून पुन्हा इयरफोन, आणि ते लावूनच झोप. हिशेब केला तर रोजचे सहा तास, आठवड्याचे बेचाळीस. शिवाय आठवड्यातून तीनदा पार्टीची प्रॅक्टिस, आणि तिथे त्याची बसायची जागा ठरलेली: डाव्या हाताला स्पीकर.

ऑडिओमेट्री केली. बंद खोलीत हेडफोन लावून बारीकबारीक सूर ऐकवतात आणि ऐकू आलं की बटण दाबायचं, ती तपासणी. उजव्या कानाची रेघ बरी होती. डाव्या कानाची रेघ ३००० हर्ट्झपर्यंत सरळ चालली आणि ४००० हर्ट्झला खड्ड्यात उतरावी तशी खाली गेली, पुढे ८००० ला पुन्हा वर आली. मोठ्या आवाजाने कान दुखावला की बहुतेकदा हाच खड्डा दिसतो. कारखान्यातल्या कामगाराच्या कागदावर तो पन्नाशीत दिसायचा, आता विशीत दिसतो.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळणं घेतलेली एक नळी असते. तिच्यात प्रत्येक कानाला साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. ध्वनीच्या लाटेने त्यांचे बारीक केस हलतात आणि त्या हलण्याचा विजेचा संदेश मेंदूकडे जातो. हरभऱ्याच्या शेतात माणूस शिरला की रोपं आडवी होतात, तो गेला की सावरतात. रोज शंभर माणसं गेली की तिथे पायवाट पडते आणि पुन्हा काही उगवत नाही. या केसपेशींचंही असंच आहे. पक्ष्यांच्या कानात त्या नव्याने उगवतात, माणसाच्या कानात उगवत नाहीत.

कार्यक्रमाहून आल्यावर कान बधिर होतो, भणभणतो आणि सकाळी ठीक वाटतो. म्हणून पोरं समजतात की सगळं भरून आलं. ऐकू येणं परत येतं हे खरं, पण केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले काही सांधे त्या रात्री कायमचे तुटलेले असू शकतात, आणि साध्या तपासणीत ते दिसतही नाहीत. पुढे कधी तरी गर्दीत समोरच्याचं बोलणं उमगेनासं होतं. आवाज येतो, शब्द कळत नाही. आधी जातात ते स, श, फ यांसारखे वर्ण. वर्गात सरांनी 'सात' म्हटलं की मागच्या बाकावर 'हात' ऐकू येतो.

कानाला आवाजाचं आठवड्याचं राशन असतं, असं मी पोरांना सांगतो. हे माझ्या मनचं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना यांनी २०१९ मध्ये मोजमाप घालून दिलं आहे: ८० डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकावा, त्यापुढे नाही. डेसिबलचा हिशेब मात्र फसवा आहे. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच, ९५ ला सव्वा तास. १०१ डेसिबलला आठवड्याचं सगळं राशन वीस मिनिटांच्या आत संपतं. आवाज पूर्ण वर नेला तर फोन आणि इयरफोनच्या कित्येक जोड्या शंभरी ओलांडतात. स्पीकरच्या भिंतीसमोर तर विचारूच नका.

एवढं सांगितल्यावर आई-वडील हमखास म्हणतात, "डॉक्टर, ते गाणं-बिणं बंदच करायला सांगा त्याला." ते मी सांगणार नाही. मिलिंद महाविद्यालय १९५० साली सुरू झालं तेव्हापासून या नागसेनवन परिसरात खेड्यापाड्यातली पोरं शिकायला येतात, आणि येताना वहीबरोबर गाणंही घेऊन येतात. आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी पाठ असलेला मुलगा इथे अजून भेटतो. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. दर वर्षी त्या तारखेला विद्यापीठ गेटवर माणसांची रीघ लागते आणि गायन पार्ट्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात. ज्याच्या घरातल्या तीन पिढ्या या गाण्यांवर उभ्या राहिल्या, त्याला 'आवाज कमी कर' म्हणताना डॉक्टरने जरा अदबीनेच म्हणावं. पण म्हणावं जरूर. गाण्यावर एवढा जीव असलेल्यांचेच कान आधी जावेत, हे मला बघवत नाही.

तर काय करायचं? पहिलं म्हणजे आवाज का वाढतो ते बघा. नाशिक रस्त्याच्या कडेने चालताना ट्रक आणि रिक्षांवर मात करायला तुम्ही आवाज चढवता, आणि खोलीत आल्यावर तो तसाच राहतो. म्हणून रस्त्यावर इयरफोन नकोच. मागून येणारा हॉर्न ऐकू न आल्याने जे होतं, त्याला कानाचा डॉक्टर लागत नाही. बसमध्ये ऐकायचंच असेल तर कानात घट्ट बसणारा, बाहेरचा गोंगाट अडवणारा इयरफोन घ्या. आवाज निम्म्यावर ठेवूनही गाणं स्पष्ट लागतं. फोनच्या सेटिंगमध्ये बहुतेक ठिकाणी आवाजाची कमाल मर्यादा ठरवता येते. शांत खोलीत बसून ती एकदा ठरवा आणि मग तिला हात लावू नका. हाताच्या अंतरावरचा माणूस साधं बोलला आणि तुम्हाला कळलं नाही, तर आवाज जास्त आहे. ही तपासणी फुकट आहे.

दुसऱ्याचा इयरफोन वापरू नका, विशेषतः पावसाळ्यात. एका खोलीतल्या तिघांच्या कानात एकाच आठवड्यात बुरशी सापडलेली मी पाहिली आहे. कापसाच्या काड्याही फेकून द्या, त्या मळ आत ढकलतात.

अभ्यास करताना गाणं लावावं का, हा प्रश्न मला कानापेक्षा जास्त विचारला जातो. शब्द असलेलं गाणं आणि वाचन दोन्ही मेंदूतल्या भाषेच्या कामावर हक्क सांगतात, त्यामुळे इतिहासाची पानं दोनदा वाचावी लागतात. गणितं सोडवताना, नकाशे काढताना, वही उतरवताना खुशाल ऐका. शास्त्रीय संगीताने बुद्धी वाढते ही समजूत १९९३ मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगातून पसरली. त्यात मोझार्ट ऐकल्याचा परिणाम दहा-पंधरा मिनिटंच टिकला होता, आणि नंतरच्या प्रयोगांत तेवढाही नीट सापडला नाही. गाणं आवडतं म्हणून ऐकावं, हे कारण पुरेसं आहे. रात्री ऐकत झोपायची सवय असेल तर फोन उशीपासून लांब, स्पीकर हळू आणि वीस मिनिटांचा टायमर. कानात बोंडं खुपसून झोपू नका.

वाजवणाऱ्यांना वेगळं सांगायचं आहे. उघड्यावर स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे राशन चौपट पुरतं. प्रॅक्टिसला जागा बदलून बसा. फोमचे बूच स्वस्त असतात आणि आवाज चांगलाच कमी करतात, पण त्यांनी चाट आणि घुंगरू जास्त दबतात. कलाकारांसाठी फिल्टरवाले बूच मिळतात, ते सगळे सूर सारखेच खाली आणतात. कार्यक्रमात तासाला दहा मिनिटं मंडपाबाहेर, शांततेत काढा.

पोराला मी औषध दिलं नाही. 'कानाची नस मजबूत करणाऱ्या' गोळ्या त्याने आधीच कुठून तरी घेतल्या होत्या, त्या बंद केल्या. मेलेली केसपेशी जिवंत करणारी गोळी अजून निघालेली नाही. तीन महिन्यांनी तो परत आला. शिट्टी बरीच मागे हटली होती, अंथरुणावर पडल्यावर थोडी जाणवते म्हणाला. कागदावरचा खड्डा होता तिथेच होता, पण वाढला नव्हता. पार्टीत आता स्पीकर त्याच्यापासून लांब असतो आणि कानात बूच. बाकीचे सुरुवातीला हसले, मग गायकाने स्वतःसाठीही एक जोडी मागवली. चाटेचं विचारलं, तर म्हणाला, "सर, आता ती मी बोटांनी ओळखतो."

कानात शिट्टी वाजत असेल, किंवा घरचे म्हणत असतील की टीव्हीचा आवाज फार करतोस, तर एकदा ऑडिओमेट्री करून घ्या. ती दुखत नाही. आणि कधी एका कानाने एकाएकी, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू येईनासं झालं तर तेल घालून आठवडाभर वाट पाहू नका. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच चांगले लागू पडतात. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा, गुरुवारची वाट न बघता.