चंद्राचे छायाचित्र : स्पष्टता कोठवर?

पौर्णिमेचा आणि आपला संबंध फार जुना आहे. वैशाख पौर्णिमा तर आपल्या वर्षाचा केंद्रबिंदूच; उपोसथाचे दिवसही चंद्राच्या कलांवरूनच ठरतात. वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने सायंवंदनेनंतर अंगणात उभे राहून पूर्णचंद्र पाहिलेला असतो. परंतु दुर्बिणीतून चंद्राची छायाचित्रे घेऊ लागल्यावर आम्हांला कळले, की पृष्ठभागाचा उंचसखलपणा टिपण्यासाठी पौर्णिमा सर्वांत कमी उपयोगाची. त्या रात्री सूर्यप्रकाश चंद्रावर समोरून पडतो. सावल्या दिसत नाहीत आणि सावल्यांवाचून पर्वत व विवरे सपाट भासतात. शुक्ल अष्टमीच्या सुमारास मात्र उजेड आणि अंधार यांची सीमारेषा चंद्रबिंबाच्या मध्यावरून जाते. त्या रेषेवर नुकताच सूर्योदय होत असल्याने लहानशा उंचवट्याचीही लांब सावली पडते.

प्रथम अडचण समजून घेऊ. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे. तेथील सुमारे १.८६ किलोमीटर अंतर येथून एक विकला एवढे दिसते. विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. आमच्या दुर्बिणीच्या आरशाचा व्यास १५० मिलिमीटर आहे. असा आरसा उत्तम परिस्थितीत सुमारे ०.७७ विकलांपर्यंतचा, म्हणजे चंद्रावरील सुमारे १.४ किलोमीटरपर्यंतचा तपशील वेगळा दाखवू शकतो. परंतु मध्ये पृथ्वीचे वातावरण आहे. उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या छपरापलीकडचे झाड जसे थरथरताना दिसते, तसाच दुर्बिणीतला चंद्रही थरथरतो. एकच छायाचित्र घेतले तर ते बहुधा धूसर निघते.

यावर उपाय असा, की एका छायाचित्राऐवजी चित्रफीत घ्यावी. सव्वादोन मिनिटांत सुमारे ४,००० चौकटी मिळतात. हवा क्षणभर स्थिर झाली असताना टिपलेल्या चौकटी त्यांत विखुरलेल्या असतात. ऑटोस्टॅकर्टसारखी विनामूल्य संगणकप्रणाली प्रत्येक चौकटीची स्पष्टता तपासते, त्यांतील उत्तम दहा टक्के निवडते आणि त्या ४०० चौकटी बिंदूला बिंदू जुळवून त्यांची सरासरी काढते. कॅमेऱ्यातील दाणेदारपणा प्रत्येक चौकटीत वेगळ्या जागी असतो, विवर मात्र त्याच जागी असते. म्हणून सरासरीत दाणे विरतात आणि विवर टिकते. हा लाभ चौकटींच्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो : ४०० चौकटींनी दाणेदारपणा सुमारे वीसपट घटतो.

सरासरीचे हे चित्र स्वच्छ असते, पण मऊ असते. आता त्यास धार द्यावयाची. रेजिस्टॅक्ससारखी प्रणाली चित्राचे तपशिलाच्या आकारानुसार थर पाडते. अतिसूक्ष्म तपशील पहिल्या थरात, त्याहून मोठा दुसऱ्यात, याप्रमाणे. प्रत्येक थराचा उठाव स्वतंत्रपणे वाढविता येतो. उरलासुरला दाणेदारपणाही पहिल्याच थरात दडलेला असल्याने तो थर बेताने वाढवावा आणि दुसऱ्या-तिसऱ्यावर अधिक भर द्यावा. चंद्राच्या कडेभोवती काळी किंवा पांढरी किनार उमटू लागली, की मर्यादा ओलांडली असे समजून मागे यावे.

ही मर्यादा आम्ही एकदा पाळली नाही. एका नवमीच्या रात्री आम्ही प्लेटो या विवराचे चित्रण केले. हे विवर सुमारे १०१ किलोमीटर व्यासाचे असून त्याचा तळ थिजलेल्या लाव्ह्यामुळे काळसर व सपाट दिसतो. त्या तळावर दोन-तीन किलोमीटरची काही लहान विवरे आहेत. आमच्या दुर्बिणीच्या क्षमतेच्या ती अगदी सीमेवर येतात. पहिला थर भरपूर वाढविल्यावर तळावर डझनभर पांढरे ठिपके उमटले. आम्ही हर्षभरित झालो, प्रत्येक ठिपक्याला बाण काढला आणि ते चित्र स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात लावले. पाहुण्यांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली.

शंका घेतली ती इयत्ता नववीतील एका विद्यार्थिनीने. तिने त्याच चित्रफितीच्या सम आणि विषम क्रमांकांच्या चौकटी वेगळ्या करून दोन चित्रे तयार केली. दोन्ही चित्रांत चारच ठिपके समान जागी होते. बाकीचे एकात एके ठिकाणी, तर दुसऱ्यात भलतीकडे. दुसऱ्या रात्रीच्या चित्रातही तेच चार आढळले. २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकेच्या ल्युनार रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानाच्या छायाचित्रांशी ताडून पाहता त्या चारही जागी विवरे होती. उरलेले ठिपके म्हणजे आम्हीच मोठे केलेले दाणे होते.

प्रदर्शनाचा आणखी एक दिवस बाकी होता. प्रशंसा झालेले चित्र उतरविणे कोणालाही रुचत नव्हते. अखेर आम्ही ते तेथेच ठेवले, आठ बाण खोडले, शेजारी त्या विद्यार्थिनीची दोन चित्रे लावली आणि चूक कशी घडली ते खाली लिहिले. त्या दिवशी पालक त्या फलकापुढे सर्वाधिक वेळ थांबले.

चित्राला धार दिल्याने आरशापर्यंत पोहोचलेला पण मंद झालेला तपशील उजळतो; जो प्रकाश पोहोचलाच नाही, तो कोणतीही प्रणाली निर्माण करू शकत नाही. केसपुत्त येथे कालामांना तथागतांनी केवळ परंपरेने वा कोणाच्या सांगण्याने काही न स्वीकारता स्वतः पारखून घेण्यास सांगितले. आमचा अनुभव एवढाच, की ही पारख इतरांच्या म्हणण्याला जितकी लावावयाची, तितकीच स्वतःला आवडलेल्या निष्कर्षालाही लावावी लागते. आता आमचा नियम ठरलेला आहे : दोन स्वतंत्र चित्रांत जे दिसेल, त्यालाच बाण काढावयाचा.